नाण्यावरची माय

माझी आई मी पाळण्यात असतानाच गेली, आणि तिचा एकही फोटो नव्हता. आमच्या अमडापूरकडच्या खेड्यात तेव्हा फोटो म्हणजे जत्रेतली चैन, आणि वर म्हातारी माणसं सांगायची की फोटो काढला की आयुष्य घटतं. माझ्या आईने तो न काढताच घटवून घेतलं. तिचा चेहरा मात्र आमच्या घरात होता. तो चांदीचा होता आणि माझ्या सावत्र आईच्या गळ्यात असायचा.

आमच्याकडे दुसरेपणावर दिलेल्या बाईने गळ्यात सवत बांधायची असते. मेलेल्या पहिलीची प्रतिमा चांदीच्या पत्र्यावर उठवून घेतात, तिला टाक म्हणतात, आणि तो काळ्या मण्यांच्या शेजारी ओवतात. का, तर पहिलीचा जीव घरातच घुटमळत असतो. तिला मान दिला की ती दुसरीला छळत नाही. नवं लुगडं आधी तिला लावायचं आणि मग नेसायचं. हळदकुंकू आधी तिला, जेवताना पहिला घास तिच्या नावाने ताटाबाहेर. मला सांभाळायला कोणीतरी हवं म्हणून बाबांनी घाईघाईत दुसरं लग्न केलं, आणि ही सवतही खामगावच्या सोनाराकडून घाईघाईतच आणली. इतर घरांतले टाक पातळ असत. आमचा चांगला जाड, रुपयाहून मोठा, हातात घेतला की वजन कळे. एका बाजूला बाई होती, भरल्या गालाची, पदर डोक्यावरून मागे सोडलेला, खांद्यावर खड्यांचं काहीतरी टोचलेलं. दुसऱ्या बाजूला दोन तोंडांचा पक्षी. आणि दोन्हीकडे कडेने इंग्रजी अक्षरं.

सावत्र आईला मी बाई म्हणत असे आणि गळ्यातलीला माय. मी लहान असताना बाई मला मांडीवर घेऊन तो टाक माझ्या मुठीत देई. "हे तुही माय हाय. पाया पड." मी पाया पडे आणि मग तो चाटून बघे. पुढे जरा कळायला लागल्यावर मी आरशासमोर बसून तिचं आणि माझं ताडून पाहू लागले. तिचं नाक लांब, सरळ, माझं बसकं. गाल मात्र जुळतात, असं मी माझ्यापुरतं ठरवून टाकलं होतं. शेजारणींना विचारलं तर एकीने माय सावळी सांगितली, दुसरीने गोरीपान. तिसरी म्हणाली, "तुह्यासारखीच होती वं." म्हणजे तिलाही आठवत नव्हतं. मामाकडचं कोणी उरलं नव्हतं. बाबांना विचारायची तर सोयच नव्हती. बापाला असलं कोणी विचारत नसे, आणि आमचे बाबा पाऊसपाण्याबद्दलसुद्धा मोजकं बोलणारे. तेव्हा माझ्याजवळ खात्रीचं असं तेवढंच होतं. त्या चांदीवर होता तो माझ्या आईचा चेहरा, बाकी सगळं ऐकीव.

बाईची एक गोष्ट मला अजिबात आवडत नसे. घास बाजूला काढताना ती टाकाकडे बघत नसे, माझ्याकडे बघे. तेही टक लावून. मला वाटे, पोरगी किती भाकरी हाणते ते बघून राहिली आहे. सावत्र ती सावत्र, हे गावाने माझ्या कानात आधीच भरून ठेवलेलं होतं. वास्तविक तिने मला कधी उपाशी ठेवलं नाही की हात लावला नाही. पण गावाला एवढ्याने कुठे भागतं?

कडेची अक्षरं म्हणजे मायचं नाव आहे, असं बाबांनी कधीतरी सांगितलं होतं. सोनार तसं म्हणाला होता म्हणे. नवं राज्य झालं त्या सुमाराला मी मिडल शाळेत गेले आणि इंग्रजीची अक्षरं सुरू झाली. वर्गाला त्या अक्षरांचा कंटाळा, मला घाई. पहिलंच अक्षर एम निघालं, आणि मायचं नाव म वरून! मी घरभर नाचले. पुढची अक्षरं मात्र काही केल्या जुळेनात. पण इंग्रजी भाषाच मुळात लबाड. गुरुजी सांगत की सुरीच्या नावात आधी के लिहायचा आणि मग तो गिळायचा. म्हटलं, मायच्या नावातही असंच काहीबाही गिळायचं असेल, आपण अजून तिथवर पोचलो नाही.

मधल्या काळात बाईला दोन मुलगे झाले, आणि दोघेही डांग्या खोकल्याने गेले. पहिला बसायला लागला होता, दुसरा तर पाळण्यातच. गाव म्हणालं, सवत मानली नाही. बाई कोणाशी भांडली नाही. दुपारी कामं आटोपली की उंबऱ्यात बसून टाक उलटा करून पक्षी बघत राही. एकदा मला म्हणाली, "एक तोंड तुह्याकडं हाय, एक माह्याकडं. माह्याकडचं आंधळं असंन." मला रडू आलं. तिला नाही आलं. "मी माह्याकडून कायी कमी नाही केलं," एवढं ती म्हणे, आणि तेवढ्या एका वाक्यावर ती उभी होती. घास चुकला नाही, लुगडं चुकलं नाही, पितृपक्षातली अहेव नवमी चुकली नाही. मग राग कशाचा, हे तिला कळत नव्हतं. मलाही नाही.

मी खामगावला कॉलेजात जाऊ लागले त्या पहिल्याच वर्षी दिवाळीच्या सुट्टीत टाकाची कडी निखळली. बाईने टाकाऐवजी दोऱ्यात हळकुंड बांधलं आणि टाक माझ्याजवळ दिला. "डाग देऊन आण. लवकर आण वं, गळा असा नको." मी रुमालात गुंडाळून तो खामगावला नेला. पण सोनाराकडे जायच्या आधी मला एक काम करायचं होतं. आमच्या इतिहासाच्या सरांना जुन्या नाण्यांचं वेड होतं. टेबलाच्या खणात मखमलीवर नाणी लावून ठेवलेली, आणि वर्गात सांगत की घरी जुनं काही असेल तर आणा, कुठलं, कधीचं, काय किमतीचं, सगळं सांगतो. मला किंमत नको होती. मला फक्त मायचं नाव एकदा नीट वाचून हवं होतं.

सरांनी भिंग डोळ्याला लावलं आणि त्यांचा चेहरा असा उजळला की मला आशा वाटली. ते म्हणाले, "हे इथे कुठून आलं?" मी म्हटलं, घरी होतं. मग ते एकेक अक्षर दाखवत गेले. पहिलं एम आणि त्यापुढे राणीचं नाव. मग डी आणि जी, म्हणजे देवाच्या कृपेने. मग रोमन साम्राज्याची सम्राज्ञी. हंगेरीची दोन अक्षरं, बोहेमियाची दोन, आणि शेवटी राणी. "लॅटिन आहे. इतक्या पदव्या आहेत की नाण्यावर जागा पुरत नाही, म्हणून प्रत्येकीचं शेपूट कापलंय." पलटून पक्षी दाखवला, तो ऑस्ट्रियाच्या राजघराण्याचा. खाली साल, सतराशे ऐंशी.

"पण सालावर जाऊ नका," सर म्हणाले. "त्याच साली ती वारली. पण अरबी व्यापाऱ्यांना हाच चेहरा ओळखीचा, दुसरं नाणं ते घेईनात. म्हणून ती गेल्यावरही तोच चेहरा आणि तेच साल घालून नाणी पाडत राहिले. अजून पाडतात. हे त्यातलंच दिसतं, अक्षरं फार ताजी आहेत." मी विचारलं, डोक्यावर पदर कसा? ते म्हणाले, "पदर कसला, विधवेचं वस्त्र आहे. नवरा गेल्यावर तिने ते कधी उतरवलं नाही." मग त्यांनी नाणं उभं धरून त्याच्या धारेवर भिंग फिरवलं. तिथेही अक्षरं होती, मी कधी पाहिलीच नव्हती. न्यायाने आणि दयेने, असा त्यांचा अर्थ. शेवटी त्यांनी कडीचा डाग नखाने चाचपला आणि हळहळले. "खराब करून टाकलं. आता याला नाण्याची किंमत नाही. चांदीच्या वजनाने जाईल."

त्यांचा काही दोष नव्हता. मी जे विचारलं तेच त्यांनी सांगितलं, आणि मन लावून सांगितलं. पण मला त्यांचा असा राग आला की नाणं त्यांच्या हातातून जवळजवळ ओढूनच घेतलं. बाहेर पडले आणि कॉलेजच्या कुंपणाला टेकून उभी राहिले. एवढी वर्षं मी एका परक्या म्हातारीच्या गालाशी माझे गाल जुळवत होते. माझी आई दुसऱ्यांदा मेली, आणि या वेळी मी शुद्धीत होते.

कडीला डाग देऊन घेतला आणि शनिवारी गावी गेले. गप्प राहायचं असं एसटीत ठरवलं होतं. पण टाक बाईच्या हातात देताना मी नेहमीसारखी पाया पडले नाही, आणि ते तिच्या लगेच लक्षात आलं. "काऊन वं? काय झालं?" मग माझ्याने राहवेना. सगळं सांगून टाकलं. राणी, देश, साल, अक्षरं. ही माय नव्हे, हे नाणं आहे. फक्त विधवेचं तेवढं मी गिळलं. सवाष्णीच्या गळ्यात इतकी वर्षं विधवा होती हे कळलं असतं तर बाईने ते त्याच पावली पैनगंगेत टाकलं असतं. आणि मला तो चेहरा इतकं सगळं कळूनही पाण्यात जायला नको होता. माणसाचं मन वेडं असतं ते असं.

मला वाटलं होतं ती हसेल, नाहीतर बाबांवर चिडेल. ती खालीच बसली. गळ्यातलं हळकुंड चाचपू लागली. मग म्हणाली, "मंग ते उपाशीच राह्यली वं."

"कोण?"

"तुही माय. मी जेवू घालत होती ते ह्या बाईले. लुगडी दावत होती ते ह्या बाईले. अन् ते दारातच उभी. इतकी वर्षं." आणि मग आवाज न चढवता, "म्हणूनच माहे दोघं गेले."

मी संतापले. म्हटलं, बाई, ते खोकल्याने गेले, गावातली आणखीही पोरं त्या साथींमध्ये गेली, त्यांच्या घरी कुठे सवती होत्या? ती मान हलवत होती आणि ऐकत नव्हती. तिच्या पायाखालचं एकच वाक्य मी काढून घेतलं होतं. मी कॉलेजात जाऊन मोठं ज्ञान आणलं होतं आणि ते ज्ञान तिच्या मेलेल्या पोरांपर्यंत जाऊन पोचलं होतं. त्या रात्री ती जेवली नाही. सकाळी तिने बाबांना सांगितलं, आणि तिने बाबांना काही सांगायची ती बहुतेक पहिलीच वेळ असावी, "मले खरा टाक पाहिजे. तिचा. तिच्या तोंडावळ्याचा."

बाजाराच्या दिवशी आम्ही तिघं घाट उतरून खामगावला गेलो. सोनार तोच होता, आता पार म्हातारा, डोळ्यांना जाड चष्मा. त्याने नाणं हातात घेतलं आणि लगेच ओळखलं. जराही लाजला नाही. "तवा मुंबईहून वितळवायले चांदी यायची, तिच्यात हे बाईचं नाणं राहायचं. तुमचं लगन तोंडावर, टाक घडवायले सवड नाही. म्हनलं, बाईच हाय ना? लाव कडी. तुम्हीच नाही, लय जनांनी नेलं." मी विचारलं, आणि नाव? इंग्रजीत नाव आहे म्हणून सांगितलंत ते? तो म्हणाला, "मंग नाव हायेच की वर. कोनाचं, ते कोनी इचारलं?"

हा परिसर म्हणजे किती गावं, आणि त्यांतल्या किती घरांत हीच राणी कोणाकोणाची मेलेली बायको होऊन पहिला घास खात असेल, कोण जाणे. मला हसूही आलं, आणि त्याच्या तोंडावर ते नाणं फेकून मारावं असंही वाटलं.

बाई मात्र कामाचं बोलत होती. तिने त्याला सांगितलं की या वेळी ठशातला आयता टाक नको, हाताने उठवून पाहिजे. त्याने ते कबूल केलं. पाटीवर खडूने गोल काढला आणि बाबांकडे पाहिलं. "सांगा. कशी होती?"

मी पाटीजवळ सरकले. जन्मभर जे विचारता आलं नाही ते आज दुसऱ्याच कोणीतरी विचारलं होतं, आणि बाबांना उत्तर देणं भाग होतं. आता जगात तेवढा एकच माणूस उरला होता ज्याने तिला जवळून पाहिलं होतं. शेजारणींचं सावळी-गोरी आता संपणार होतं. बाबा खाली बघत होते. आंगठ्याने सतरंजीचा दोरा उसवत होते. मग हळूहळू बोलायला लागले, आणि मी त्यांना इतकं हळवं बोलताना त्याआधी ऐकलं नव्हतं, नंतरही नाही.

"भरल्या गालाची होती," ते म्हणाले. "नाक सरळ, जराकसं लांब. पदर डोक्यावरून असा मांगं सोडलेला. केस कपाळावरून वर घेतलेले." सोनाराचा खडू चालत होता. बाबांनी डोळे मिटले, हात उचलला आणि आपल्याच खांद्यावर ठेवला. "अन् इथं... इथं कायतरी चकाकत होतं."

खडू थांबला. सोनाराने पाटी खाली ठेवली आणि चष्म्यावरून आधी गादीवरच्या नाण्याकडे, मग माझ्याकडे पाहिलं. बाबा खोटं बोलत नव्हते. त्यांचे डोळे ओले झाले होते. माझी आई त्यांच्याजवळ होती थोडा काळ, तीही एकत्र घरातल्या अंधारात, घोंगट ओढून वावरणारी. आणि ही राणी रोज दोन वेळा त्यांच्या ताटासमोर बसत होती. एकीने दुसरीला कधी पुसून टाकलं ते त्यांचं त्यांनाही कळलं नव्हतं. माझ्या आईचा चेहरा आता कुठेच नव्हता.

बाईनेच सावरलं. "राहू द्या," ती सोनाराला म्हणाली. "ठशाचाच द्या." त्याने पेटीतून एक दिला, सगळ्यांचे असतात तसाच, दोन ठिपके डोळ्यांचे आणि एक रेघ तोंडाची. बाबांना शेवटपर्यंत कळलं नाही की आम्ही बेत का बदलला. कोणी सांगितलंही नाही.

घरी आल्यावर नवा टाक बाईच्या गळ्यात गेला. नाण्याचं काय करायचं म्हटलं, तर तिने मला आधी विचारलं की त्याच्या धारेवर काय लिहिलंय म्हणालीस? मी सांगितलं, न्यायाने आणि दयेने. तिने ते देव्हाऱ्यात एका कडेला ठेवून दिलं. "परक्या मुलखातली बाई. आता हिले कोठी धाडू? इतके दिवस आपलंच खाल्लं तिनं." आणि त्या दिवसापासून ताटाबाहेर दोन घास निघू लागले.

तिची भीती गेली असं मी म्हणणार नाही. मुलांचं नाव निघालं की पुढे कितीतरी वर्षं तिचा हात त्या नव्या टाकाकडे जाई. माझंही काही धड नव्हतं. मी सुट्टीत आले की चुलीपाशी बसून तिचे दोन घास बघे आणि मला दोन्हींचा राग येई, एकीचा चेहरा खोटा म्हणून आणि दुसरीला तो नाहीच म्हणून.

एकदा मी न राहवून तिला विचारलंच. "बाई, घास ठेवते तेव्हा तुझ्या डोळ्यांपुढे येतं तरी कोण? ती राणी की हे ठिपके?"

ती भाकरी थापत होती. थापता थापता तिने वर पाहिलं, तशीच, टक लावून, लहानपणी बघायची तशी.

"मी कुठी तिले पाह्यलं होतं?" ती म्हणाली. "अन् नाण्याकडं कोण पाहे? मले तं पह्यल्या दिसापासून तूच दिसे. घरात तिचं दुसरं काय राह्यलं होतं?"

आणि मी त्या नजरेच्या धाकाने लहानपणभर अर्ध्या भाकरीवर उठत आले होते.